इफाकारा: डासांच्या गावाला जाताना

टांझानियातल्या दार-एस-सलामहून इफाकाराचा पहिला टप्पा आता फारच सोपा झालाय. २०२४ पासून मोरोगोरोपर्यंत विजेवरची नवी रेल्वे धावते, दोन तासांच्या आत पोचवते. पुढे बस. हा महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यान चिरत जातो, त्यामुळे खिडकीची जागा पटकावलीत तर बसच्या तिकिटात हत्ती-जिराफही दिसून जातात. मिकुमी गावाशी दक्षिणेला वळलं की किदातूचा ऊस, उजव्या हाताला उद्झुंग्वाचे हिरवेगार डोंगर, आणि मग किलोम्बेरो नदीचं सपाट खोरं, जिकडे बघावं तिकडे भात. मार्च ते मे धो धो पाऊस असतो, खोऱ्यात पाणी पसरतं आणि आतल्या वस्त्यांवर पोचणं मुश्कील होतं. नुसतं फिरायचं असेल तर जूननंतर जा.

इथे यायचं कारण म्हणजे इफाकारा हेल्थ इन्स्टिट्यूट. रुडॉल्फ गायगी या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये इथे छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. आज ती टांझानियाची स्वतःची मोठी संशोधन संस्था आहे. आरटीएस,एस या मलेरियाच्या लसीच्या चाचण्या झालेल्या केंद्रांपैकी एक तिच्या बागामोयो शाखेत होतं.

मला मात्र लसीपेक्षा डास बघायचे होते. शेडनेटसारख्या जाळीने मढवलेलं एक अवाढव्य घर, आत खरीखुरी झोपडी, भोवती झाडं, आणि तिथेच वाढवलेले डास. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जी फट राहते, तिथूनच बहुतेक डास घरात शिरतात. म्हणून त्या फटीला तागाची औषध लावलेली पट्टी बांधून बघतात. स्वस्त आणि डोकेबाज! रात्री गावात डास पकडणाऱ्यांचं कामही पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माणूस स्टुलावर बसतो, पायावर डास टेकला की टॉर्चच्या उजेडात नळीने अलगद ओढून घेतो आणि जाळी लावलेल्या कागदी कपात सोडतो. कपावर साखरपाण्याचा कापसाचा बोळा, बाजूला पेनाने लिहिलेला तास. या लोकांना मलेरियाची प्रतिबंधक औषधं देतात, तपासण्याही होतात. तरी बघताना माझेच पाय खाजायला लागले. आता यासाठी सापळे येताहेत, ते बरंच आहे.

१९९० च्या सुमारास जवळच्या नामावाला गावात एका माणसाला वर्षाला तीनशेच्या वर संसर्गित डास चावत. त्यानंतर औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. त्या मच्छरदाणीत झोपणाऱ्या लहान मुलांचं जगण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी जास्त असल्याचं याच खोऱ्यातल्या अभ्यासात दिसलं. पण मच्छरदाणी लागते गावातल्या घरात, आणि भाताच्या हंगामात अख्खं कुटुंब राहायला जातं लांब शेतावरच्या खोपीत. चार बांबू, गवताचं छप्पर, भिंती असून नसल्यासारख्या. ताप आला तर दवाखाना कित्येक मैल दूर. माझ्या मते या खोऱ्यात शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे: औषध सापडलं तरी माणूस कुठे झोपतो हे विचारावंच लागतं. म्हणून कुणी जाणार असाल तर एक दिवस तरी खोपीवर जाऊन बसा.

अर्थात आधी परवानग्या. संशोधन करायचं असेल तर कोस्टेकचा, म्हणजे टांझानियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा, परवाना आणि निमर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची मंजुरी लागते. काही महिने हाताशी ठेवूनच अर्ज करा. नुसती भेट असेल तरी संस्थेला आधी कळवा. गावात शिरलात की पहिल्यांदा गावच्या कार्यालयात जाऊन पाहुण्यांच्या वहीत सही. वडीलधारी मंडळी भेटली की ‘शिकामो’ म्हणायचं. ते ‘मराहाबा’ म्हणाले की पुढचं बोलणं. न विचारता फोटो काढू नका, आजारी मुलांचे तर नकोच.

खाण्याची चिंता नको. ‘वाली ना महारागे’ म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ, शाकाहारी माणूस त्यावर मजेत जगतो; चपातीही मिळते. घरून चिवडा-लाडू नेणार असाल तर डब्यात भरा, कारण २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.

नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येणार-जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. मिकुमीत निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर झेपावतात. साचलेल्या गोड्या पाण्यात उतरू नका. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. एवढं करूनही घरी आल्यावर ताप भरला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम या घातक प्रकारचा, तो थांबत नाही. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांना टांझानियाहून आलोय हे आधी सांगा.