शॉर्ट स्केल बास उघडलाय आज
आज अख्खा दिवस माझा जुना स्क्वायर ब्रॉन्को बास गिटार उघडून बसलोय. ३० इंची स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) साधा बास, एकच पिकअप (तारेचं कंपन पकडणारा चुंबकी भाग), आणि गंमत म्हणजे तो पिकअप स्ट्रॅट या सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या मापाचा, चार तारांना सहा पोल (चुंबकाचे ठिपके)! पण म्हणूनच मॉडिफिकेशनला हा भारी, कारण स्ट्रॅटच्या मापाचा रेल हंबकर (घूंघूं कमी करणारा, ठिपक्यांऐवजी पट्ट्यांचा पिकअप) लाकूड न कोरता तिथेच बसतो, मी तोच टाकला, पॉट्स (आवाज-टोनच्या खुंट्यांखालचे भाग) बदलले, आतून कॉपर टेप लावून ग्राउंडला जोडली, घूंघूं बरीच कमी झाली.

खरा फरक मात्र तारांनी पडला बरं का. तीच तार त्याच सुरात लावली तर नेहमीच्या ३४ इंची बासपेक्षा ताण साधारण २२ टक्के कमी येतो, त्यामुळे ई तार (सगळ्यात जाड) लोळते आणि लोक उगाच पिकअपला शिव्या घालतात. ०.१०५ इंचाची फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेली गुळगुळीत तार) चढवली, आवाज एकदम गोल! फक्त शॉर्ट स्केलचाच सेट घ्या, लांब सेटचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला की तार तुटायची भीती असते.

ब्रिज अजून दोन सॅडलवालाच (सॅडल म्हणजे तार टेकते तो भाग, इथे दोन तारांत एक), म्हणजे प्रत्येक जोडीच्या इंटोनेशनमध्ये, म्हणजे वरच्या पट्ट्यांवरही सूर बरोबर लागण्यात, तडजोड आलीच, ते काम पुढच्या पगाराला. महागड्या बासला ड्रिल लावायची माझी तरी हिंमत नाही, इथे बिनधास्त 😄