आजींच्या मैत्रिणींचा लिफाफा

अमेरिकन कॉलेजांतली सोरोरिटी, म्हणजे मुलींचं मंडळ, आपल्याकडे पोचली ती सिनेमांतून: मोठं घर, एकसारखे कपडे, पार्ट्या. त्या घरातून बाहेर पडल्यावर साठ वर्षांनी काय होतं, हे मला आमच्या शेजारच्या आजींमुळे कळलं. (ऐंशी ओलांडलेल्या बाईलाही इथे नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून माझ्यापुरत्या त्या आजीच.)

आम्ही राहतो इंडियानापोलिसला. इथून तासाभरावर ग्रीनकासल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कॉलेजने 1867 मध्ये मुलींना प्रवेश दिला. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेली मुलांची मंडळं होतीच, त्यांत मुलींना जागा नव्हती. मग 1870 मध्ये चौघींनी आपलंच मंडळ काढलं, काप्पा आल्फा थीटा. त्याच वर्षी शेजारच्या इलिनॉयमध्ये काप्पा काप्पा गामा निघालं आणि 1882 पासून त्यांचं नियतकालिकही सुरू झालं. कुठल्या शाखेत काय चाललंय, कुणाचं लग्न झालं, कोण शिक्षिका म्हणून कुठल्या गावी गेली, ही असल्या अंकांची खरी खुमारी. आजही बहुतेक सोरोरिटी असे अंक काढतात. आजींचा अंक आला की त्या आधी निधनवार्ता वाचतात, मग बाकीचं. आपल्याकडचे आजोबा सकाळचा पेपर तसाच वाचतात.

पण छापील अंकापेक्षा मजेदार आहे तो लिफाफा. आजींच्या बॅचच्या मुलींमध्ये (त्यांचा शब्द अजून ‘गर्ल्स’च) एक जाडजूड लिफाफा फिरत असतो. आपल्याकडे आला की सगळ्यांची पत्रं वाचायची, त्यातलं आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि यादीतल्या पुढच्या पत्त्यावर पाठवायचं. म्हणजे जुनं पत्र सगळीकडे फिरून आपल्याच हाती परत येतं, आणि मागच्या खेपेला आपण कशाची एवढी काळजी करत होतो ते वाचून हसू येतं. यादीतलं नाव गाळलं जातं ते फक्त बाई गेली की. कुणाच्या मुलीने व्हॉट्सअॅप ग्रुप काढून दिलाय, त्यावर नातवंडांचे फोटो पडतात. पण गुडघा बदलला, नवरा आता ओळखत नाही, राहतं घर विकून वृद्धांच्या वसाहतीत गेले, असल्या बातम्या लिफाफ्यातूनच येतात. घटस्फोटाला फारसे शब्द खर्ची पडत नाहीत. पत्राखालचं आडनाव बदललं, की समजायचं.

अंकात प्रत्येकीच्या नावात माहेरचं आडनाव राखलेलं असतं, सोबत तिची शाखा आणि मंडळात दीक्षा घेतल्याचं वर्ष. त्यामुळे दोन लग्नं झालेली बाईसुद्धा सापडते. मला हे फार भावलं, कारण आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलायची रीत होती. माझ्या आईची हॉस्टेलातली रूम पार्टनर अशीच हरवली. लग्नानंतर कुठल्या गावी गेली ते आईला ठाऊक होतं, नवं नाव ठाऊक नव्हतं. कुठे आणि कुणाच्या नावाने विचारायचं?

माजी मुलींच्या या गोतावळ्याचं सगळंच गोड आहे असं समजू नका. वर्गणी भारी असते, आणि कुणाला आत घ्यायचं यात जुन्या बायकांचा शब्द चालतो. 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापलं, की एका कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला आतल्या मुली तयार होत्या, माजी सदस्यांनीच अडवलं. देशभर गदारोळ झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपली मंडळं केव्हाच काढली होती. हॉवर्ड विद्यापीठातलं आल्फा काप्पा आल्फा 1908 चं, कमला हॅरिस त्यातल्याच. तिथे पदवीनंतरही शाखेचं काम चालू राहतं. 1998 मध्ये टेक्सासात दक्षिण आशियाई मुलींचीही सोरोरिटी निघाली. आजींपुढे मी अलाबामाचा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी विचारलंसुद्धा नसतं,” आणि चहा ओतायला लागल्या. यावर त्यांच्याशी माझं पुढे बोलणं झालेलं नाही, करायचं आहे.

सध्या लिफाफा ओहायोतल्या एका बाईंकडे अडकलाय. त्या दर खेपेला अडकवतात म्हणे, कॉलेजातही ग्रंथालयाची पुस्तकं अशीच दाबून ठेवायच्या. काल आजींनी त्यांना फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी सोमवारी नक्की पोस्टात टाकते असं सांगितलंय. आजींचा विश्वास नाही.