डोळ्यामागचं भोक

दक्षिण जर्मनीतल्या एका संग्रहालयात मी जीवाश्मांच्या जुन्या नोंदी तपासायचं काम करते. माझ्याकडे ट्रायासिक काळातल्या समुद्री सरीसृपांचे कप्पे आहेत. बहुतेक माल मुशेलकाल्कमधला, म्हणजे मध्य युरोपात सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी जो उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीतला.

त्या दिवशी हातात आली ती तळहातावर मावणारी एक कवटी. चिठ्ठीवर जुन्या वळणाच्या अक्षरात ‘नोथोसॉरस, पिल्लू’. चपटी, निमुळती, पुढे झुकलेले सुळे, गालाकडे आणखी मोठे दात. नोथोसॉरस हा समुद्री सरीसृप असाच असतो. पण नुसत्या दातांवर माझा फारसा भरवसा नाही. प्लाकोडस या समुद्री प्राण्याचे शिंपले फोडायचे चपटे दात बघून आगासीने, जीवाश्म माशांच्या नामांकित जाणकाराने, १८३३ साली त्याला माशांत बसवलं. तो सरीसृप आहे हे इंग्लिश शास्त्रज्ञ ओवेनने दाखवायला १८५८ उजाडलं. आणि आगासी काही कच्चा गडी नव्हता!

म्हणून मी डोळ्यामागची भोकं बघते. कवटीच्या वरच्या अंगाला, डोळ्यांच्या दोन्ही खोबणींमागे एकेक. जबडा मिटणारे स्नायू त्यातून जातात. नोथोसॉरसमध्ये ते लांबलचक, खोबणीपेक्षा बरंच मोठं. त्याच्या भाऊबंदांत, पॅकिप्ल्युरोसॉरांत, ते बहुधा खोबणीहून लहान. या कवटीची डावी बाजू दगडात होती. उजवं भोक कॅलिपरने मोजलं, तर खोबणीच्या जवळपास दुप्पट भरलं. म्हणजे चिठ्ठी बरोबर.

तरी भोकाची मागची कड खटकत होती. फारच गुळगुळीत, सुरीने लोणी कापावं तशी. खोलीत अंधार करून यूव्ही दिवा धरला, तर ती कड, तिला लागूनची पट्टी आणि कवटीचा मागचा कोपरा हाडापेक्षा वेगळ्याच रंगात उजळले. प्लास्टर, आणि वरून तपकिरी रंगाचा हात. ज्याने केलं त्याला कुणाला फसवायचं नसावं. त्या काळी तुटका नमुना पुरा करून देणं हे कसबाचं काम समजत. गोम अशी, की त्याने हा नोथोसॉरसच धरून चालून नोथोसॉरसचं भोक घडवलं, आणि पुढे त्याच भोकावरून प्राण्याची ओळख पक्की होत राहिली.

मग आमच्या प्रिपरेटरने सूक्ष्मदर्शकाखाली एअर-पेनने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक टोच्याने, डावी बाजू मोकळी केली. तिथलं भोक शाबूत निघालं. खोबणीहून लहान.

म्हणजे पॅकिप्ल्युरोसॉर? तसं म्हणायला मी धजले नाही. पिल्लांचे डोळे कवटीच्या मानाने मोठेच असतात, त्यामुळे हे प्रमाण लहान वयात चकवू शकतं. दातांचीही मदत नाही: नेदरलँड्समधल्या विंटर्सवाइकच्या खाणीतला अ‍ॅनारोसॉरस पॅकिप्ल्युरोसॉरच, पण त्याच्याही तोंडात लहानमोठे दात एकत्र असतात. मी नव्या कार्डावर लिहिलं, ‘इओसॉरोप्टेरिजिया, पुढे अनिश्चित’. म्हणजे नोथोसॉरस आणि पॅकिप्ल्युरोसॉर दोघंही ज्यात येतात तो मोठा गट, एवढंच.

विभागप्रमुख बाईंनी कार्ड वाचून चष्मा कपाळावर सरकवला. “एवढा खटाटोप करून होतं ते नावही घालवलंस?”

“हो,” म्हटलं, “टाळू अजून दगडातच आहे. सीटी स्कॅनसाठी नंबर लावलाय.”

प्लास्टर मात्र मी काढू दिलं नाही. प्रिपरेटरला ते पटलेलं नाही, आणि आमची त्यावरून हुज्जत अजून चालू आहे.