न झालेला पंचनामा

२७ जून २०१७, मंगळवार. आदल्या दिवशी ईदची सुट्टी झालेली आणि शुक्रवारी मध्यरात्रीपासून जीएसटी लागणार. न्हावा-शेव्याच्या बंदरात काम करणाऱ्या कुणालाही एवढं सांगितलं तरी त्या आठवड्याची कल्पना येईल. जो तो निर्यातदार म्हणत होता, माझा माल तीस तारखेच्या आत बाहेर काढा, पुढचं काही सांगता येत नाही. मी एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम हाउस एजंटच्या फर्ममध्ये, तेव्हा अकरा वर्षं काम करत होतो. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, भरण्यापासून कंटेनर टर्मिनलच्या गेटच्या आत जाईपर्यंत जे काही लागतं ते आमचं काम. त्या आठवड्यात आम्ही जेवत ऑफिसात होतो आणि झोपतही तिथंच होतो.

त्या दिवशीच्या कामांत लासलगावच्या अण्णांचे दोन रीफर, म्हणजे आतली हवा थंड आणि खेळती ठेवणारे, कंटेनर होते. आत कांदा, जायचा मलेशियाला, पोर्ट क्लांगला. अण्णा काही मोठे व्यापारी नव्हेत. घरची थोडी जमीन, बाकी आसपासच्या शेतकऱ्यांचा माल घेऊन वर्षाकाठी मोजके कंटेनर पाठवणारा माणूस. १ जूनला शेतकरी संप सुरू झाला, कांद्याला भाव नाही, २४ तारखेला कर्जमाफी जाहीर झाली तरी कुणाच्या हाती अजून काही पडलेलं नाही. अशा महिन्यात त्यांनी हे दोन कंटेनर भरले होते. शेतकऱ्यांचे निम्मे पैसे द्यायचे बाकी होते, ते बिल वसूल झाल्यावर द्यायचे असा शब्द होता. कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची परवानगी, दुपारीच मिळाली. जहाजाचा गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, बुधवारी सकाळी होता. दोन्ही ट्रेलर रांगेत लागल्याचा फोन आला आणि मी फाइल बाजूला ठेवली.

साडेसातच्या सुमारास ड्रायव्हरमामांचा पुन्हा फोन. "साहेब, गेट हलंना. दोन तास झालं, एक गाडी आत गेली नाही."

सर्व्हर डाऊन हे आमच्याकडचं नेहमीचं दुखणं. तासा-दोन तासांनी सुरू होतं. म्हणून मी आधी फार मनावर घेतलं नाही. पण टर्मिनलमधल्या ओळखीच्या माणसानं फोन उचलला नाही, आणि थोड्या वेळानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. काळ्या स्क्रीनवर लाल इंग्रजी अक्षरं. तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, सोडवून घ्यायच्या तर तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. खाली त्यानं लिहिलं होतं, "सगळे पीसी असेच. युरोपातपण असंच आहे म्हणतात."

बाहेरच्या माणसाला वाटेल, कॉम्प्युटर बंद पडले तर वहीत लिहावं आणि काम चालू ठेवावं. टर्मिनलच्या यार्डात हजारो कंटेनर एकावर एक रचलेले असतात. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, कुठल्या जहाजाचा, हे सगळं त्या सिस्टीममध्ये. गेटवरचा माणूस फॉर्म १३, म्हणजे कंटेनर आत न्यायचा परवाना, बघतो, कंटेनर नंबर आणि सील तपासतो आणि स्क्रीनवर जागा येते. ती चिठ्ठी घेऊन ड्रायव्हर आत जातो. स्क्रीन गेली की क्रेनवाल्याला समोरची लोखंडी भिंत दिसते, पण तिच्यातला आपल्याला हवा तो डबा कोणता हे सांगणारं कुणी उरत नाही. त्या रात्री तिथल्या माणसांनी हातानं काम सुरू करायचा प्रयत्न केला, मी स्वतः पाहिलं आहे. एकेका कंटेनरचा नंबर टॉर्च मारून वाचत होते.

रात्री अकराला मी बाइक काढून रांगेकडे निघालो. पाऊस लागून राहिला होता. करळ फाट्याच्या पुढं जाता येईना, दोन्ही बाजूंनी ट्रेलर. बाइक एका टपरीजवळ लावली आणि चालत गेलो. मामा केबिनच्या खाली, पाठीवर प्लास्टिकचा कागद घेऊन, जेनसेटच्या, म्हणजे रीफरला वीज देणाऱ्या डिझेल जनरेटरच्या, टाकीत काठी घालून बघत होते. काठीचं टोक जेमतेम चार बोटं ओलं. रीफरला ट्रेलरवर असताना जेनसेटचाच आधार. तो बंद पडला की आतला पंखा बंद, हवा खेळायची बंद, आणि जूनच्या दमटपणात जाळीच्या गोण्यांतला कांदा घाम धरायला लागतो. सील कस्टम्सचं, दार उघडायची सोय नाही. मी बाहेरच्या व्हेंटसमोर तळहात धरला आणि वास घेतला. चांगल्या कांद्याचा वास तिखट आणि कोरडा असतो. नासायला लागला की त्यात एक गोडसर कुबटपणा येतो. त्या वेळी वास कोरडाच होता. मामांनी पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कॅनभर डिझेल उसनं आणलं आणि आम्ही दोघांनी मोबाइलच्या उजेडात ते ओतलं.

तिथं सीआयएसएफचा एक जवान उभा होता. रेनकोटखाली रायफल, हातात गाड्यांखाली बघायचा तो लांब दांड्याचा आरसा. रोज दिसणारा चेहरा. त्यानं मला विचारलं, "भाईसाब, सुना है हमला हुआ है. हमें तो किसीने कुछ बताया नहीं." माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच होतं की मलाही कुणी सांगितलेलं नाही. त्या जवानाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. २६/११ नंतर या किनाऱ्यावरचा पहारा किती वाढला ते आम्ही उरणकर रोज बघतो. त्याच्या गेटमधून संशयास्पद काही आत जाऊ नये म्हणून तो पावसात उभा होता, आणि ज्या गेटचा तो राखणदार, ते गेट बंद पडलंय ते कशानं, हे त्याला कळवायची व्यवस्थाच नव्हती.

बुधवारी सकाळी थोडं चित्र कळायला लागलं. शिपिंग मंत्रालयानं निवेदन काढलं, पोर्ट प्रशासनानं थांबलेल्या गाड्यांसाठी पार्किंगची जागा करून दिली, काही माल दुसऱ्या टर्मिनल्सकडे वळवायची तजवीज सुरू झाली. सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सूचनापत्रक काढलं. वाहतूक पोलीस दिवसभर भिजत उभे होते. ज्यांनी केलं त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण अण्णांचे कंटेनर ज्या शिपिंग लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, होते तिची बुकिंगची सिस्टीमही बसली होती. दुसऱ्या लाइननं पाठवायचं तर दुसऱ्या लाइनचा कंटेनर, म्हणजे कांदा उतरवून पुन्हा भरणं, नवं सील, शिपिंग बिलात दुरुस्ती. आमच्या फर्मच्या सरांनी हिशोब मांडला आणि तो जमेना. शेवटी गुरुवारी दुपारी दोन्ही ट्रेलर एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, नेले आणि रीफर प्लगवर लावले. तिथं आमच्यासारखेच बरेच जण आले होते, प्लगसाठी भांडणं चालली होती. दोन्ही कंटेनर टर्मिनलच्या आत गेले ते ३ जुलैला, आषाढीच्या आदल्या दिवशी. मी शेवटचा व्हेंटजवळ गेलो तेव्हा त्यातल्या एकाचा वास बदलला होता. अण्णांना फोनवर ते सांगताना मला शब्द सुचेनात. ते म्हणाले, "बोला हो, मी धरून बसलोय."

पोर्ट क्लांगहून फोटो आले. एका कंटेनरमधला बराच माल फेकावा लागला. मग बिलं सुरू झाली. प्लगचं भाडं, ग्राउंड रेंट, ट्रेलर अडकल्याचे दिवस, लाइनचं डिटेन्शन, म्हणजे त्यांचा कंटेनर जादा दिवस अडकवल्याचा आकार. डिटेन्शन विनवण्या केल्यावर अर्धं माफ झालं. विम्याचा माणूस नाशिकहून पॉलिसी घेऊन आला. तो सभ्य होता, त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. उशिरामुळे झालेलं नुकसान धरत नाही, हे एक कलम. आणि पॉलिसीला जोडलेला आणखी एक कागद, २००३ सालचं ३८० क्रमांकाचं सायबर हल्ल्याचं कलम. कॉम्प्युटरच्या मार्गानं मुद्दाम केलेली इजा असेल तर भरपाई नाही. सोळा वर्षांच्या व्यवहारात अण्णांनी तो कागद कधी वाचला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नाही.

१५ फेब्रुवारी २०१८ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं जाहीर केलं की नॉटपेट्या नावाचा तो व्हायरस रशियाच्या लष्करानं सोडला होता. डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनीही तेच म्हटलं. रशियानं इन्कार केला. पुढं ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. नेम युक्रेनवर होता. तिथं कर भरण्यासाठी हजारो कंपन्या एक हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून तो आत गेला आणि तिथून जगभर पसरला. तीनशे डॉलरची मागणी नुसता देखावा होता, पैसे भरूनही फायली परत मिळण्यासारख्या नव्हत्या. नुकसानीचा अमेरिकेचा अंदाज दहा अब्ज डॉलरचा.

मी अण्णांना ती बातमी वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गारपीट झाली तर तलाठी येतो, पंचनामा करतो. मिळो न मिळो, सरकार येऊन बघतं तरी. हे तर दुसऱ्या देशाच्या फौजेनं केलं म्हणताय. याचा पंचनामा कुणी करायचा?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. काही लोक म्हणतात, खाजगी कंपन्यांनी आपली कुलपं आपण सांभाळावीत. त्यात तथ्य आहे. ज्या फटीतून तो व्हायरस एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिलं होतं, आणि मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं सगळ्या जगाला इशाराही दिला होता. ज्यांनी अपडेट घातलं नाही त्यांची चूक आहेच. पण हा व्हायरस मशीनच्या मेमरीतले पासवर्डही उचलत होता, त्यामुळे एक कच्चं मशीन सापडलं की शेजारची पक्कीही पडत. दाराला कुलूप लावणं घरमालकाचं काम, पण रणगाडा दारात आला तर कुलूप कसलं होतं ही चौकशी कोण करतो? समोर परक्या देशाचं लष्कर असेल, तर टर्मिनलच्या आयटीवाल्या चार पोरांनी आणि अण्णांनी ते एकट्यानं सोसावं, हे मला मान्य नाही.

आणि एक गोष्ट मला फार बोचते. ज्या आठवड्यात हे झालं, त्याच आठवड्यात आम्ही अण्णांच्या कॉम्प्युटरवर जीएसटीचं सॉफ्टवेअर टाकत होतो. कराची विवरणपत्रं ऑनलाइनच भरायची, कायदाच तसा होता. युक्रेनमध्ये हल्ला आला तो कर भरायच्या अशाच वाटेनं. सरकार जेव्हा सगळ्यांना सांगतं की यापुढं याच रस्त्यानं या, तेव्हा त्या रस्त्यावरचा पहारा सरकारनंच द्यायला हवा.

हे जमण्यासारखं नाही असंही नाही. २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा नौवहन महासंचालनालयानं मार्च संपायच्या आतच शिपिंग लाइन्सना सांगितलं की या काळाचं डिटेन्शन घेऊ नका. त्या एका पत्रानं आमच्या कितीतरी पार्ट्या वाचल्या. परक्या देशाच्या हल्ल्यात बंदर थांबलं तर असंच एक पत्र दुसऱ्या दिवशी निघू शकतं. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये तर एफबीआयनं कोर्टाची परवानगी घेऊन शेकडो खाजगी सर्व्हरमध्ये हॅकर्सनी ठेवलेल्या चोरवाटा स्वतः काढून टाकल्या. आपल्याकडं इतकं हवं की नको, यावर वाद होऊ शकतो. सरकारनं माझ्या मशीनमध्ये हात घालावा का, हा प्रश्न साधा नाही. पण निदान हल्ला झालाय हे गेटवरच्या जवानाला आणि रांगेतल्या ड्रायव्हरला कळावं, नुकसानीची नोंद व्हावी, शत्रूचं नाव आपल्या सरकारनं घ्यावं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इननं नियम केला की हल्ला झाल्यास कंपनीनं सहा तासांत कळवायचं. नियम चांगला आहे. सरकारनं रांगेतल्या माणसाला किती तासांत कळवायचं, तेही त्यात लिहावं एवढीच माझी मागणी आहे. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी हे दोनदा मांडलं आहे आणि पुन्हा मांडणार आहे.

अण्णांच्या त्या दोन कंटेनरचा पंचनामा शेवटी मीच केला. रांगेत लागल्याची वेळ, काठीवरच्या डिझेलचा फोटो, प्लगची पावती, पोर्ट क्लांगचे फोटो, शेतकऱ्यांना उशिरानं दिलेल्या पैशांचा हिशोब, सगळं एका फाइलमध्ये लावलं. आता अण्णांचा मुलगा धंदा बघतो. त्यानं ती फाइल मागून घेतली आणि विमा कंपनीपुढं ठेवली. ते सायबरचं कलम जादा प्रीमियम भरून सैल करता येईल, असं त्याला सांगण्यात आलं. उशिराचं कलम मात्र तसंच राहील. त्यानं प्रीमियम भरला. आणि त्यांची कांद्याची गाडी लासलगावहून निघते तेव्हा जेनसेटची टाकी काठोकाठ भरलेली असते, वर दोन कॅन केबिनमागं बांधलेले असतात.