पाळीवरची अंडी

तलावाचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. नागपूरवाल्यांना कळेलच, एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला राखलेलं माळरान आणि थोडा साग. मी तिथे गाईड आहे, निदान कागदावर तरी. लोकांना वाटतं हा दिवसभर गळ्यात दुर्बीण घालून पक्षी दाखवत फिरत असेल. खरं काम म्हणजे चिप्सची पाकिटं वेचणे, जोडप्यांना झुडपांमागून उठवणे आणि काठावरची बेशरम उपटणे, जी उपटली तिथेच पुन्हा उगवते, नावाला जागते अगदी.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी आमचे वॉचमन काका धापा टाकत आले. "साहेब, कासव अंडे देऊन राह्यलं पाळीवर." (मला साहेब म्हणतात, पगार दोघांचा जवळपास सारखाच आहे.) मी पळत गेलो तोवर ते पाण्यात उतरलं होतं, दिसली ती फक्त चिखलाने माखलेली मागची बाजू, मोबाईलवर काढलेला फोटोही तसाच, नुसता चिखल. पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, ताजी जागा होती. मादी मागच्या पायांनी खड्डा करते, माती कडक असली तर स्वतःचं पाणी सोडून भिजवते, अंडी घातली की तोच चिखल वरून थापून बंद करते. लिंपल्यासारखं. माहीत नसेल तर त्यावर पाय देऊन निघून जाल.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. आमच्या तलावात मऊ पाठीचं कासव आहे, पाठीवर खवले नाहीत, नुसती कातडी, आणि पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात, पाय आत घेतले की दार लावल्यासारख्या बंद होतात. कायद्याने वाघाच्याच यादीत, अनुसूची १. त्याचं घरटं आमच्या पाळीवर! बांबूच्या कमच्या रोवल्या, जाळी लावली, पाटी रंगवली, 'कासवाचे घरटे, कृपया दूर राहा', पाटीसकट फोटो काढून तीन-चार ग्रुपवर टाकला आणि मग सगळा मे महिना अंगठे आणि हात जोडलेले इमोजी मोजले. काका तर पारा पंचेचाळीसला टेकला तरी दुपारी तिथे चक्कर मारायचे, कुत्रं येईल म्हणून.

मृग लागायच्या दोन दिवस आधी मुंगसाने जाळीखालून उकरलं. अंडी अजून शाबूत होती, एक फक्त वर आलं होतं. मी ते उचललं आणि पोटात खड्डाच पडला.

ते लांबट होतं.

मऊ पाठीच्या कासवाचं अंडं गोल असतं, मोठ्या कंच्यासारखं, कवच कडक, टिचकी मारली तर वाजतं. हे बोटाच्या दोन पेरांएवढं, आणि दाबलं की चामड्यासारखं दबत होतं. लांबट अंडी आपलं काळं कासवही घालतं, पण त्याचं कवच ठिसूळ, असं दबत नाही. मी काकांना विचारलं, जे चाळीस दिवसांपूर्वी विचारायला पाहिजे होतं, की पाठ कशी होती हो त्याची? "टणक. फरशीवानी. अन् कानापाशी लाल लाल होतं, मले वाटलं लागलं आहे बिचारीले."

लाल पट्टी. म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. बाजारात रुपयाच्या नाण्याएवढं असताना विकतात, वास्तूसाठी, पोरांच्या हट्टासाठी. पाच-सहा वर्षांत जेवणाच्या ताटाकडे निघतं, पाणी घाण करतं, चावतं, आणि जगतं वीस-तीस वर्षं. मग लोक रविवारी डबा घेऊन तलावावर येतात आणि सोडून देतात, वर पुण्य केल्याच्या चेहऱ्याने. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींची यादी आहे, तीत हे आहे. ऊन खायची जागा, खाणं, सगळं ते बळकावतं. आणि गंमत बघा, आपलं कासव घरात ठेवलं तर गुन्हा, हे मात्र काचेच्या पेटीत राजरोस दुकानात.

तर मी चाळीस दिवस ह्याची राखण केली होती. पाटी लावून.

वरिष्ठांना फोन केला. "नष्ट करा, फोटो ठेवा, गाजावाजा नको." बरोबरच होतं, मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण नष्ट करा म्हणजे कसं हे कोणी सांगत नाही. एकूण नऊ अंडी. नराशिवायही मादी अंडी घालते, म्हणजे पोकळ असू शकतात. आणि भरलेली असतील तर नागपूरच्या त्या तापलेल्या मातीत बहुतेक सगळ्या माद्याच, कारण ह्यांच्यात नर का मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. फोडून बघायची माझी हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू. ऑफिसच्या फ्रीजरमध्ये ठेवली, बर्फाच्या ट्रेवर, डब्यावर चिकटपट्टी लावून 'उघडू नये' लिहिलं. खालच्या कप्प्यात चहाचं दूध. तीन दिवस त्या दुधाचा चहा मी सोडून सगळ्यांनी घेतला.

काका जाळी काढत होते. म्हणाले, "आई बाहेरची असन साहेब, पोरं तं इथलेच झाले असते." मी बेशरमीचं उदाहरण देणार होतो, तीही बाहेरून आलेली आणि काठ कसा खाऊन टाकला वगैरे. नाही दिलं. ऊन खूप होतं, आणि त्या माणसाने कुत्री हाकलली होती महिनाभर.

ग्रुपवर मात्र मी काहीच लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं, कारण पुढच्याच रविवारी एक आजोबा नातीला घेऊन गेटवर आले, हातात झाकणाची बादली. "तुमच्याकडे कासवांची फार काळजी घेतात असं वाचलं, पाटीचा फोटो पण होता. आमच्या फ्लॅटमध्ये ह्याचे हाल होतात हो." नात रडत होती. बादलीत तेच, लाल पट्टीवालं. पाण्यात सोडता येणार नाही म्हणून सांगितलं तर आजोबा म्हणाले, मग कुठे द्यायचं ते सांगा. दोन-तीन ठिकाणी फोन लावले. सगळ्यांनी दुसऱ्याचा नंबर दिला.

आता ते ऑफिसमागे निळ्या टबात आहे, वर जाळी. काका पालक घालतात. पुढच्या पायांची नखं चांगली लांब आहेत त्याची, म्हणजे नर आहे. आणि ती मादी अजून तलावातच आहे, सकाळी आठच्या सुमारास पडक्या बाभळीच्या खोडावर येऊन बसते, मान ताणून, आणि आता दुर्बिणीतून ती लाल पट्टी मला गेटवरूनही दिसते.