तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक भाषेला वेगळी सेटिंग कशाला?

"भाऊ, सगळ्याले एकच सेटिंग ठेव ना, एवढा कुटाणा काऊन करून रायला?" आमच्या दारव्ह्याकडची पोरं विचारतात, कॉलवरचे पुण्याचे सहकारीही विचारतात. प्रश्न असतो माझ्या एडिटरचा, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा: त्यात प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेला इंडेंटची, म्हणजे ओळीआधी सोडायच्या मोकळ्या जागेची, मी वेगळी सेटिंग ठेवतो. ती जागा स्पेसने सोडता येते किंवा टॅबने. आता एकदाचं सांगून टाकतो.

हौस म्हणून करत नाही. पायथनमध्ये चार स्पेसची रीत आहे. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधायच्या कमांडची फाइल) कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, यामलमध्ये (सेटिंग लिहायची एक पद्धत) इंडेंटला टॅब चालतच नाही, गो भाषेचा फॉरमॅटर, म्हणजे कोड नीट मांडणारं टूल, टॅबच टाकतो. हे नियम मी केलेले नाहीत. सोयाबीनच्या अंतरावर कपाशी लाव, असं मला कोणी सांगत नाही. मग एडिटरपुरताच हा हट्ट का?

पूर्वी मी पोरांना म्हणायचो, एडिटरवर विसंबू नका, हाताला वळण लावा. त्यात तथ्य नव्हतं असं आजही म्हणणार नाही. पण गावातल्या एका मुलीचं प्रॅक्टिकल झालं आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेनासं झालं.

तिने पायथनचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर लिहिला, पेनड्राइव्हवर नेला. कॉलेजच्या लॅबमधला एडिटर सगळ्या भाषांना एकाच सेटिंगवर होता, टॅब दाबला की टॅबच. परीक्षकांनी लूपमध्ये एक अट वाढवायला सांगितली. तिने टॅब दाबून ओळ लिहिली. स्क्रीनवर ती वरच्या ओळींच्या अगदी सरळ रेषेत. चालवलं तर टॅबएरर, म्हणजे इंडेंट जुळत नसल्याची तक्रार. खोडून पुन्हा लिहिली, पुन्हा तेच. "घरून पाठ करून आलीस का?" असं सगळ्यांसमोर ऐकून ती एसटीने परत आली.

संध्याकाळी लाइट नव्हती. बॅटरीवर फाइल उघडली. "दादा, माह्यं लॉजिक चुकलं का?" मी व्हाइटस्पेस, म्हणजे एरवी न दिसणारी मोकळी जागा, दाखवायचा पर्याय चालू केला. त्यात स्पेसचा ठिपका दिसतो, टॅबचा बाण. चार ठिपके, खाली चार ठिपके, त्याखाली एक बाण. लॉजिक बरोबर होतं. "हे त दिसतच नव्हतं," एवढंच म्हणाली.

पायथनला दोष देत नाही. 2008 साली आलेल्या पायथन 3ने टॅब-स्पेसची ही सरमिसळ मुद्दामच बंद केली. आधीच्या पायथनमध्ये ती गुपचूप खपायची आणि ओळ भलत्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे ओळींच्या भलत्याच गटात, जाऊन बसायची.

त्या प्रॅक्टिकलपासून माझ्या एडिटरच्या, व्हीएस कोडच्या, सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक भाषेचा चौकटी कंसातला वेगळा भाग आहे: पायथनला टॅबच्या जागी चार स्पेस, मेकफाइलला खरा टॅब. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची फाइलही टाकतो, वेगवेगळ्या एडिटरना हेच नियम सांगणारी, म्हणजे नियम पेनड्राइव्हबरोबर जातात.

"पण लॅबच्या एडिटरने ती फाइल वाचलीच नाही तर?" हेही विचारता तुम्ही, आणि रास्त विचारता. व्हीएस कोडलासुद्धा त्यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा भाग, टाकावं लागतं, आणि लॅबच्या मशीनवर पोरांना काही टाकू देत नाहीत. म्हणून ठिपके-बाण ओळखायलाही शिकवतो. अनोळखी मशीनवर बसलात की कोडच्या आधी ते चालू करा, म्हणतो. परीक्षक तेवढी उसंत देतील याची हमी माझ्या कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.