नकाराचे कारण लेखी नसते तेव्हा

नोकरी नाकारताना त्याचे कारण उमेदवाराला लेखी कळवण्याची पद्धत फारशी कुठे नाही. त्यामुळे समलिंगी असल्यामुळेच आपल्याला डावलले गेले, अशी एखाद्याची कितीही खात्री असली, तरी ‘आम्हाला अधिक योग्य उमेदवार मिळाला’ या उत्तरापुढे त्याला काही बोलता येत नाही. आंद्राश टिल्चिक या समाजशास्त्रज्ञाचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मला मोलाचे वाटते ते याचसाठी.

अमेरिकेतील सात राज्यांमधल्या १,७६९ जाहिरातींना त्यांनी प्रत्येकी दोन काल्पनिक अर्ज पाठवले. दोन्ही अर्जदार पुरुष आणि पात्रतेत तोडीस तोड होते. फरक एवढाच, की एकाच्या अर्जात महाविद्यालयातील समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे खजिनदारपद नोंदवले होते आणि दुसऱ्याच्या अर्जात डाव्या विचारांच्या एका संघटनेतील तसेच पद. ही दुसरी नोंद मोठ्या चतुराईने निवडलेली आहे, कारण ती नसती तर ‘चळवळ्या माणूस नको म्हणून नाकारले’ अशी पळवाट उरली असती. मुलाखतीचे बोलावणे समलिंगी उमेदवाराच्या ७.२ टक्के अर्जांना आले आणि दुसऱ्याच्या ११.५ टक्के अर्जांना. टेक्सास, ओहायो आणि फ्लोरिडात ही तफावत मोठी होती, तर न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात ती फारशी आढळली नाही. जाहिरातीत आक्रमकपणा किंवा ठामपणा यांसारख्या ‘मर्दानी’ समजल्या जाणाऱ्या गुणांची मागणी असली, की समलिंगी उमेदवार अधिक मागे पडत होता. भेदभावविरोधी कायदा असलेल्या ठिकाणी तफावत कमी दिसली खरी. पण असे कायदे मुळात सहिष्णू समाजातच आधी होतात, तेव्हा त्याचे सगळे श्रेय कायद्याला देणे मला घाईचे वाटते.

१५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील लिंगाधारित भेदभावाच्या बंदीत समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कर्मचाऱ्यांनाही संरक्षण आहे. त्या निकालामागच्या तिन्ही प्रकरणांतील फिर्यादी नोकरीवरून काढलेले होते, म्हणजे दाद मागण्याजोगी एक ठोस घटना तरी त्यांच्या हाती होती.

आपल्याकडचे प्रा. रामचंद्र सिरस यांचे प्रकरणही याच जातीचे आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या या कवीच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन घुसली. त्यानंतर विद्यापीठाने कारवाई केली ती घुसखोरांवर नव्हे, तर सिरसांवर: समलिंगी संबंधांवरून त्यांना निलंबित करून विद्यापीठाचे घर सोडायला सांगण्यात आले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि त्याच महिन्यात सिरस मृतावस्थेत आढळले. न्यायालयात जाण्याचा मार्ग त्यांना खुला होता, कारण विद्यापीठ केंद्रीय होते आणि निलंबनाचा आदेश कागदावर होता.

यापैकी एकही गोष्ट नसेल तर काय, हा प्रश्न भारतात मोठाच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, परंतु राज्यघटनेतील समान संधीची हमी मुख्यतः शासनावर बंधनकारक आहे; खासगी कंपनीने समलिंगी उमेदवाराला डावलले, तर थेट ज्यावर बोट ठेवावे असा केंद्रीय कायदा नाही. तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ मध्ये झालेल्या कायद्याच्या नवव्या कलमाने नोकरीतील भेदभावाला मनाई केली आणि अकराव्या कलमाने आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमायला सांगितले. मात्र शिक्षेच्या अठराव्या कलमात या भेदभावाचा उल्लेखच केला नव्हता. कंपन्या आपल्या धोरणांत समावेशकतेची आश्वासने देतात, पण ज्याला मुलाखतीलाच बोलावले गेले नाही, तो त्या कंपनीचा कर्मचारी नसतो आणि तिच्या अंतर्गत समितीकडे त्याला सहसा जाताही येत नाही.